गाडी पुण्यात, निवड परदेशात

मुलगा डॅलसला. मुलगी म्युनिकला. आई-बाबा कोथरूडला. एसयूव्ही कोणती घ्यायची, हे कोण ठरवतंय? डॅलस आणि म्युनिक.

बाबांना विचारलं होतं. रंगाबद्दल.

दसऱ्याच्या आधी पुण्यातल्या कुठल्याही शोरूममध्ये तासभर बसा. सत्तरीचे एक गृहस्थ फोन उंच धरून गाडीभोवती फिरताना दिसतील. फोनमध्ये मुलगा. प्रश्न तो विचारतो, विक्रेता फोनकडे बघून उत्तरं देतो. सनरूफ दाखवलं जातं, डिकी दाखवली जाते, कॅमेरे दाखवले जातात. ज्यांना ही गाडी रोज चालवायची आहे त्यांना ‘काका, जरा बसून बघा’ असं कोणी म्हणत नाही.

माया आहे, हे मान्य. आपण जवळ नाही, निदान गाडी तरी भक्कम असावी, ही तळमळ खरी आहे. पण त्या तळमळीत मुलं परवडेल ती सगळ्यात मोठी गाडी निवडतात आणि सगळ्यात मोठी तीच सगळ्यात भरवशाची, असं धरून चालतात.

या दोन गोष्टींचा संबंध काय?

मग येतात तारे. ‘फाइव्ह स्टार आहे ना, बास.’ तारे बघायलाच हवेत. धडक-चाचणी घेऊन तारे देणारं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं आणि त्याचं काम पाहणारी सीआयआरटी ही संस्था आपल्या भोसरीतली. पहिले निकाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागले, हॅरियर आणि सफारीचे. दोघींना पाच तारे, दोघी पिंपरीच्या. शून्य ताऱ्यांच्या गाडीत आईला बसवणाऱ्याशी वाद घालायलाही माझ्याकडे वेळ नाही.

पण ती चाचणी मोजते काय? ताशी ६४ किलोमीटरने समोरून धडक, ५० ने बाजूने, २९ ने खांबावर. आदळल्यावर आतला माणूस वाचेल का, एवढंच. तिसऱ्या वर्षी एसी बंद पडेल का, पाचव्या वर्षी गिअरबॉक्स किती खर्चात पाडेल, पहिल्याच पावसाळ्यात टचस्क्रीन काळा होईल का, यातलं काहीही त्यात नाही.

पाच तारे असलेली गाडीही सकाळी सुरू होत नाही, असं होऊ शकतं.

डॅलसचा मुलगा स्वतःसाठी गाडी घेतो तेव्हा काय करतो? कन्झ्युमर रिपोर्ट्स उघडतो. १९३६ सालची संस्था, जाहिराती घेत नाही. सभासदांना विचारते, तुमच्या गाडीत काय काय बिघडलं? आणि उत्तरं मॉडेलनुसार छापते. ती वाचून तो आरएव्ही-४ नाही तर सीआर-व्ही घेऊन मोकळा होतो. म्युनिकच्या मुलीकडे गाड्या तपासणाऱ्या ट्यूफचा वार्षिक अहवाल असतो. जर्मनीत नव्या गाडीची सक्तीची तपासणी तिसऱ्या वर्षी, पुढे दर दोन वर्षांनी. कोणत्या मॉडेलच्या किती टक्के गाड्यांत दोष निघाले, ते जाहीर होतं. ब्रिटनमध्ये नंबर टाका, त्या गाडीच्या तपासण्यांचा इतिहास समोर. फुकट.

कोथरूडच्या बाबांकडे काय आहे?

शेजारचे काका.

आपल्याकडे खासगी गाडीची फिटनेस तपासणी थेट पंधराव्या वर्षी. तोवर दरवर्षी पीयूसी. धूर मोजतात, ब्रेक कोणी बघत नाही. मग कोणत्या मॉडेलचं काय बिघडतं, याची सार्वजनिक नोंद तयार होणार कुठून? कंपन्यांकडे मात्र वॉरंटीत बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद असते. असणारच, पैसे त्यांचे जातात.

ती ग्राहकाला का दाखवू नये?

कायदा अगदीच नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. सदोष गाड्या परत बोलवायला सरकार कंपनीला भाग पाडू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. पण दोष पर्यावरणाला किंवा माणसांना धोका पोचवणारा हवा आणि तक्रारी ठरावीक प्रमाणात जमायला हव्यात. गाडी महिन्यातून दोनदा सर्व्हिस सेंटरला जाते, हा मनस्ताप त्या कलमात बसत नाही. आणि सदोष गाडीची तक्रार सरकारकडे नोंदवता येते, हे तरी किती जणांना माहीत आहे?

पुण्यात राहून हे जास्तच खुपतं. चाकणला महिंद्रा, चाकणलाच स्कोडा-फोक्सवॅगन, पिंपरीत टाटा, रांजणगावला जीप. रांजणगावची कंपास जपानला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. गाड्या तपासणारी एआरएआय १९६६ मध्ये स्थापन झालेली, वेताळ टेकडीवर बसलेली. एसयूव्ही बनवायचं, तपासायचं आणि परदेशी धाडायचं सगळं ज्ञान या एका जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातला ग्राहक गाडी घेताना अंदाजावर पंचवीस लाख लावतो.

बरं, नोंद नाही. मग निदान गाडी कुठे फिरणार आहे, हे तरी विचारा!

बाबांचा दिवस बघा. सकाळी बँक, मग भाजी, संध्याकाळी कर्वे रस्त्याने डेक्कनला व्याख्यान. तीन-चार किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत गाडी परत घरी. अशा माणसासाठी डॅलसने काय निवडलं? डिझेल. कारण टॉर्क जास्त.

बीएस-६ डिझेलच्या धुराच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साचलेली काजळी जाळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावी लागते. कर्वे रस्त्यावर बरा वेग कधी मिळतो? फिल्टर तुंबतो, समोर दिवा पेटतो, गाडीचा जोर कमी होतो आणि सर्व्हिस सेंटरमधून सल्ला मिळतो, ‘काका, हायवेला एक चक्कर मारून आणा.’

पंच्याहत्तरीच्या माणसाने फिल्टर साफ करायला नवले पुलावरून साताऱ्याच्या दिशेने गाडी पळवायची? रोज महामार्गावर धावणाऱ्याकडे हीच गाडी दहा वर्षं कुरकुर न करता चालेल. इथे बिघाड गाडीत नाही, निवडीत आहे.

गिअरचंही तेच. गुडघे दुखतात, म्हणून ऑटोमॅटिक हवी. अगदी बरोबर. पण कोणती ऑटोमॅटिक? सिंहगड रस्त्याच्या गर्दीत रांगताना ड्राय ड्युअल क्लच तापतो. एएमटी स्वस्त आणि सोपी, पण चढावर झटके देते. टॉर्क कन्व्हर्टर थोडं जास्त इंधन पितो आणि रांगणं मुकाट सोसतो. विक्रेत्याला नेमका हा प्रश्न विचारा. उत्तर सनरूफवर गेलं, तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.

आता टेप काढा. स्कॉर्पिओ-एन ४,६६२ मिलिमीटर लांब आणि १,९१७ रुंद. टेक्सासच्या रस्त्यावर ती छोटी दिसेल. सदाशिव पेठेत वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत ती शिरणार कशी? यांत्रिक पार्किंग असेल, तर अनेक ठिकाणी एक मजला सेडानच्याच उंचीचा असतो. गाडी बुक करायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला उंची आणि वजनाची मर्यादा विचारली का? मुलाने बूटस्पेस विचारली होती.

आणि आई? गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, साडी नेसलेली, त्या उंच पायरीवर चढायचं कसं? पहिल्या महिन्यात ती दोनदा चढते. तिसऱ्यांदा म्हणते, तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते.

मोठी गाडी नको म्हटलं, की सुरक्षेचं काय, हा प्रश्न येतोच. नेक्सॉन ३,९९५ मिलिमीटरची. रांजणगावला बनते. ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी होती, डिसेंबर २०१८ मध्ये. चार मीटरच्या आत आणि लहान इंजिन असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. मोठ्या एसयूव्हीवर ४०. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा, गाडी महाग तसा टक्का चढा. नेक्सॉनच घ्या, असं माझं म्हणणं नाही. सुरक्षित गाडी चार मीटरच्या आतही मिळते, एवढं पटवून घ्या.

‘पण पुण्यात पाणी भरतं, उंच गाडी बरी.’ हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं. २५ जुलै २०२४ आठवतो? खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. उभ्या गाडीला दोनशे मिलिमीटरच्या ग्राउंड क्लिअरन्सने काय मिळालं? तिथे कामाला येतं ते विम्यातलं इंजिन प्रोटेक्शन कव्हर. आणि एक सक्त सूचना: पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायची नाही, टो करून न्यायची. ही सूचना बाबांना परदेशातून आजच फोन करून द्या. सनरूफचं नंतर बोला.

भरवसा गाडीचा, तसा कंपनीचाही बघायचा असतो. पुणेकरांना हे सांगावं लागू नये. तळेगावला जनरल मोटर्सचा एवढा मोठा कारखाना होता. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं, वर्षअखेर भारतात विक्री बंद. शेव्हर्ले घेतलेल्यांनी त्या दिवशी काय करायचं होतं? २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबलं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातला कारखानदारीचा गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. डॅलसच्या मुलाची लाडकी सीआर-व्ही होंडाने भारतात २०२० मध्येच थांबवली. सुटे भाग देऊ, असं सगळ्याच जाणाऱ्या कंपन्या सांगतात. पण भाग किती दिवसांत येतो, त्यावर गाडी कोपऱ्यात किती दिवस उभी राहणार ते ठरतं.

म्हणून ब्रँडचं नाव बघण्याआधी घरापासून सर्व्हिस सेंटर किती लांब ते बघा. शनिवारी सकाळी तिथे जा. आपली गाडी घ्यायला आलेल्या लोकांशी बोला. किती दिवस लागले, कोणता भाग मिळाला नाही, बिल सांगितलं त्यापेक्षा किती वाढलं? अर्ध्या तासात जे कळेल, ते एकाही जाहिरातीत मिळणार नाही. आणि हे काम डॅलसहून होत नाही.

शेवटी कागद. पैसे मुलाचे म्हणून गाडी मुलाच्या नावावर. का? सक्तीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात विमा संरक्षण मालक-चालकाला आहे. मालक डॅलसला, स्टिअरिंगवर बाबा. अपघात झालाच, तर त्या संरक्षणात बाबा बसत नाहीत. उद्या गाडी विकायची झाली, तर फॉर्म २९ आणि ३० वर सही मालकाची लागते. त्या एका सहीसाठी तुमच्या पुढच्या सुट्टीपर्यंत थांबायचं का? एनआरओ खात्यातून पैसे बाबांच्या खात्यात टाका आणि नोंदणी त्यांच्याच नावावर करा.

सरकारकडे मागणी एकच. वॉरंटीत कोणत्या मॉडेलचे कोणते भाग किती बदलले, ही आकडेवारी कंपन्यांना दरवर्षी जाहीर करायला लावा. धडकेचे तारे आपल्याकडे २०२३ पर्यंत सरकार देत नव्हतं. दिले, तर ग्राहक ते विचारू लागले आणि कंपन्या ते जाहिरातीत छापू लागल्या. बिघाडाचे आकडे आले, तर तेही विचारले जातील.

तोवर, परदेशातल्या मुलांनो, एवढं करा. बुकिंगची रक्कम भरण्याआधी टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा. आई-बाबांना तिच्यात बसवून सोसायटीच्या फाटकातून, रॅम्पवरून, आपल्या जागेवर लावून, परत काढून बघू द्या. आई स्वतःच्या पायाने चढली का आणि उतरली का, ते विचारा. दोघं नको म्हणाले, तर ती गाडी घेऊ नका.