गिटार रडवण्याची प्राथमिक तयारी

गिटारची तार छेडली की सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विझायला लागतो. सारंगीवाल्याला ही विवंचना नाही. गज फिरतोय तोवर सूर चालू. हे पाहून तुमच्या पोटात दुखत असेल, तर हा पाठ तुमच्यासाठीच.

आधी व्हायोलिनचा गज उसना आणा. कशासाठी हवाय ते मात्र सांगू नका. द क्रिएशन या इंग्लिश बँडच्या एडी फिलिप्सने १९६६ साली हा उद्योग केला, पुढे लेड झेपेलिनच्या जिमी पेजने त्यावर भर स्टेजवर भाव खाल्ला. तुम्हाला मात्र घोडी आडवी येईल. व्हायोलिनची घोडी कमानदार, म्हणून गज एकेका तारेला वेगळं गाठू शकतो. गिटारच्या सहा तारा जवळजवळ एका पातळीत. मधल्या एकीला हात लावला की शेजारणी कोकलतात. एकट्या सापडतात त्या कडेच्या दोघी, पहिली आणि सहावी. शिवाय राळ सढळ हाताने लावावी लागते आणि तिची पांढरी भुकटी पिकअपवर बसते. राळ उडवणं म्हणजे काय, हे मला गजाच्या मालकाने नंतर नीट समजावलं.

पैसे असतील तर ई-बो घ्या. ग्रेग हीट या अमेरिकनाची ही करामत मुठीत मावते आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. दोन्ही बाजूंच्या तारांवर तिच्या खाचा टेकवायच्या, मधली तार वाजते. आतली एक कॉइल तारेचं कंपन टिपते, सर्किट ते वाढवतं आणि दुसरी कॉइल चुंबकाच्या जोरावर तारेला त्याच लयीत ढकलत राहते. झोक्यावरच्या पोराला मागून ढकलतो ना, तसंच. पहिल्यांदा लावलीत की काहीच होत नाही. घाई करू नका. क्षणभराने तार आपसूक गुणगुणू लागते आणि अंगावर काटा येतो. तार पोलादी हवी. नायलॉनच्या तारांवर मी अर्धा तास घालवलाय, बॅटरी बदलूनसुद्धा.

फुकटात हवं असेल तर फीडबॅक. अॅम्प मोठा करून समोर उभे राहा. अॅम्पचा आवाज तारेला हलवतो, तार पुन्हा अॅम्पला. डेव्हिड बोवीच्या 'हीरोज'साठी १९७७ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट फ्रिपने प्रत्येक सुरासाठी उभं राहायची जागा वेगळी ठरवली होती. माझ्या खोलीत षड्ज कपाटापाशी सापडतो. गंधार शोधेपर्यंत खालच्या काकू वर येतात.

खरं तर नवशिक्याने सुरुवात व्हॉल्यूमच्या खुंटीपासून करावी, पण ती गिटारवर आधीपासूनच असल्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. उजव्या हाताची करंगळी खुंटीवर ठेवा, आवाज शून्यावर आणा, तार छेडा आणि मग हळूहळू खुंटी फिरवा. छेडल्याचा 'टण्' गिळला जातो आणि सूर कुठून आला ते कळतच नाही. कान त्यालाच गज समजतो. सूर लांबत मुळीच नाही, फक्त त्याचा जन्म लपतो. मी महिनाभर हेच केलं आणि करंगळीला एक नवीनच स्नायू आला.

गज अजून परत केलेला नाही. त्याचे नऊ केस तुटलेत.