मोजणारं कोण?

व्यायाम गटात करावा की एकट्यानं, यावर पुण्यातल्या आमच्या सोसायटीत दोन पक्ष आहेत. दोन्हीकडे मिळून व्यायाम करणारे थोडे आणि मतं असणारे फार. मी दोन्ही पक्षांत नांदून आलो आहे. हल्ली पक्षांतर ही पात्रताच धरतात, म्हणून बोलायचं धाडस करतो. माझ्या मते गट की एकांत हा खरा वाद नाहीच. आकडे कोण मोजतं, हा आहे.

क्लबहाउसमध्ये सकाळी झुंबा चालतो. झुंबा मूळचा कोलंबियाचा, पण आमच्याकडे येईपर्यंत त्यात कोळीगीतं आणि लावण्या शिरल्या आहेत. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. आम्ही तिला मॅडम म्हणतो, ती आम्हाला काका म्हणते आणि काका म्हणून कसलीही सवलत देत नाही. "लास्ट एट, काका!" असं ती ओरडते. आठ होतात. मग "अजून फक्त चार!" तेही होतात. मग "होल्ड!" तिचे शेवटचे आठ हे निवृत्तीचा सत्कार घेऊन पुन्हा रंगमंचावर येणाऱ्या नटासारखे असतात. थांबावं म्हटलं, तर शेजारी सत्तरी ओलांडलेल्या आजी हात वर करून उड्या मारत असतात, आणि मारता मारता माझ्याकडे बघत असतात. मागच्या रांगेतली खांबामागची जागा पहाटेच भरते.

बरं, दांडी मारावी तर व्हॉट्सॲपवर "काका, बरं नाही का?" अशी चौकशी सुरू होते. बरं आहे म्हणावं तर दुसऱ्या दिवशी जावं लागतं आणि नाही म्हणावं तर कोणीतरी काढा घेऊन येतं. शिवाय महिन्यात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच. मग घाम पुसता पुसता केक खाऊन आम्ही वजनाचा हिशेब जागच्या जागी मिटवतो.

संगतीनं माणसाला चेव येतो, हे शास्त्रानंही पाहून ठेवलं आहे. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये ४० मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं फिरवायला लावली, कधी एकेकट्यानं, कधी जोडीनं. जोडीत निम्म्या मुलांचा वेग वाढला. दहांना विशेष फरक पडला नाही आणि उरलेली दहा उलट गडबडून मंदावली. त्या शेवटच्या दहांशी माझं काहीतरी नातं असावं.

म्हणून मी एकांतवासी झालो. चटई आणली, दार लावलं. पण घरात जमिनीवर आडवा झालेला पुरुष हा व्यायाम करतोय, असं घरातल्या कोणालाच वाटत नाही. प्लँकमध्ये थरथरत असताना सौ. आत डोकावून म्हणते, "अहो, खाली आहातच तर कपाटाखाली गेलेलं डब्याचं झाकण तेवढं काढा." हे सोसता येतं. सोसवत नाही ती स्वतःची उदारता. एकटा असलो की माझ्या बैठका सातपर्यंत सुरळीत जातात आणि मग एकदम दहा होतात. हरकत घ्यायला कोणी नसतं. वस्ताद मीच, पठ्ठ्या मीच, आणि दोघांचं आपसांत चांगलंच जमतं.

जुन्या लोकांना ही लबाडी ठाऊक असणार. तालमीत जोर-बैठका ज्याच्या त्यानं काढायच्या, पण वस्तादांची नजर सगळ्या आखाड्यावर. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेले. त्यात तर मोजणीचा बंदोबस्त आधीच झालेला आहे. दर नमस्काराला सूर्याचं एक नाव, अशी बारा. सातावरून दहावर जाणं सोपं असतं. 'मित्रा'वरून थेट 'भास्करा'वर उडी मारायला मात्र छाती लागते, कारण ज्याची नावं गाळायची तो समोर खिडकीत उगवत असतो.

इतकी छाती नसलेल्या माझ्यासारख्यांसाठी पुण्यात पर्वती आहे. पायऱ्या १०३. "अजून फक्त चार" म्हणून त्या वाढत नाहीत आणि मी डोळे मिटल्यानं कमीही होत नाहीत. अर्ध्यावरून फिरलं तर माणूस खालीच पोहोचतो, देवळात नाही. एकट्यानं चढता येतं, आणि शेजारून शंभर माणसं चढत असल्यामुळे मध्येच बसायची लाजही वाटते.

तेव्हा गट निवडा नाहीतर एकांत, तुमची मर्जी. मोजदाद मात्र स्वतःकडे ठेवू नका आणि उत्साही मुलीच्या हातीही देऊ नका. पर्वतीवर भेटलात तर नमस्कार जरूर करा. गप्पा उतरताना मारू. चढताना मला बोलता येत नाही.