सर्टिफिकेट म्हणे ‘मॅनेज’ केलं!

अहो वहिनी, कढीपत्ता देते तोडून, पण आधी हे ऐका. काल भिशीला काय विषय निघाला माहितीये? म्हणे आमच्या वन्संनी लेकासाठी अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट ‘मॅनेज’ केलं, दहावीला तासभर जास्त मिळावा म्हणून! असा संताप आला, की चकली तशीच ताटलीत ठेवली मी.

मॅनेज कसलं डोंबल! मुंबईत सायन किंवा नायर रुग्णालयात जाऊन बघा म्हणावं. डोळे तपासा, कान तपासा, मग बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची. एका खेपेत होतंय होय? आणि निघालं काय, तर पोरगा हुशार आहे, वाचता-लिहितानाच अडतो. ‘तारे जमीन पर’ बघून २००७ साली याच बायका रुमाल भिजवत होत्या हं! शेजारच्या पोराचं निघालं की लगेच लाड.

आणि पेपर काही सोपा नसतो हो. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. लेखनिक घेतला तर तो खालच्या इयत्तेतला, उत्तर सांगायचं यानंच. शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत. यात कुणाच्या पोटात का दुखावं? २०१६च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता लिहिलेलीच आहे, मेहेरबानी नव्हे.

तरी केंद्रावर नडतातच. २०२१ला ‘नीट’च्या वेळी एका मुलीला हा जादा तास दिलाच नाही. बिचारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. अन्याय झालाय, तो निस्तरा, असं कोर्टानं परीक्षा घेणाऱ्यांना सुनावलं. पण परीक्षा काही पुन्हा झाली नाही तिची.

तुमच्या धाकट्याचं काय? बाईंची तक्रार आहे ना, वर्गात लक्ष नसतं म्हणून? नाही हो, नावं नाही ठेवत मी. नुसतं लक्ष न लागणं कायद्याच्या त्या २१ प्रकारांत वेगळं धरलेलं नाही. पण पुष्कळ मुलांत त्याच्या जोडीला वाचण्या-लिहिण्याचीही अडचण असते, आणि ती तपासल्याशिवाय कळत नाही. आठवीत आहे ना तो? मग सोमवारीच मुख्याध्यापकांना भेटा. बोर्डाकडे कागद शाळेमार्फतच जातात, आणि दहावीच्या वर्षात धावाधाव करणाऱ्यांना दवाखान्याची तारीख लवकर मिळत नाही. भावजींना सांगा, रजा टाका म्हणावं. आणि भिशीत कुणी काही बोललंच, तर माझ्याकडे पाठवा.