न हुंगलेल्या सेंटची वाट पाहण्याची कृती

साहित्य : एक फोन, एक क्रेडिट कार्ड, मोगऱ्याची एक कुंडी आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली एक आई. आई नसल्यास सासू चालेल, पण मग शेरे ऐकू येत नाहीत, नुसते जाणवतात.

एखाद्या बड्या घराण्याने पांढऱ्या फुलांच्या नव्या सेंटची घोषणा केली, की कृतीला सुरुवात करावी. बाटली दुकानात यायला अजून तीन आठवडे असतात. आमच्या टेक्ससमधल्या शुगर लँडचा फर्स्ट कॉलनी मॉल दहा मिनिटांवर आहे म्हणून उगाच चकरा मारू नयेत. काउंटरवरच्या मुलीलाही तुमच्याइतकंच ठाऊक असतं. म्हणजे काय, तर बाटलीचा फोटो, ओल्या गवतात अनवाणी उभी असलेली एक उपाशी मुलगी, ‘शुभ्र’, ‘निर्मळ’ अशी चार विशेषणं आणि फुलांची यादी. विशेषणं सोडून द्यावीत. यादी मात्र लग्नपत्रिकेसारखी वाचावी : कोण, कुणाचं, मूळ गाव कुठलं, मागच्या कार्यात काय गोंधळ घातला होता.

नवशिकी माणसं इथेच बिचकतात. बिचकू नये. जॅस्मिन सम्बॅक म्हणजे आपला मोगरा. गार्डेनिया हा अनंताच्या घरातला. ट्यूबरोजचा गुलाबाशी काडीचा संबंध नाही. कंदातून येते म्हणून ट्यूबर, आणि ती आपली गुलछडी, सत्काराच्या हारातली. गुच्चीचं ‘ब्लूम’ २०१७ मध्ये निघालं, तेव्हा जाहिरातीत रंगून क्रीपर नावाची वेल मोठ्या दिमाखात मिरवत होती. मी आठवडाभर त्या नावावर तरंगत होते. मग फोटो पाहिला. मधुमालती! माहेरच्या फाटकावर माजायची आणि दर पावसाळ्याआधी वडील कोयता घेऊन तिच्यावर तुटून पडायचे, तीच.

नर्सरीतही हीच गत. इथे साधा मोगरा ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ या नावाने मिळतो, म्हणजे साक्षात जोन ऑफ आर्क, आणि गच्च पाकळ्यांचा बटमोगरा ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ म्हणून. आईने पाटी माझ्याकडून वाचून घेतली, किंमत विचारली आणि म्हणाली, “अगं, या ड्यूकचे आम्ही गजरे माळलेत.”

एक इशारा. मार्च-एप्रिलमध्ये शुगर लँडमधली निम्मी कुंपणं स्टार जॅस्मिनने पांढरी होतात आणि संध्याकाळी चालायला निघालं की सगळी गल्ली घमघमते. नाक तयार करायला हे फुकटचं साधन आहे असं वाटेल. फसू नका. ते जॅस्मिन नव्हेच. कण्हेरीच्या कुळातलं आहे. वास गोड आहे, तक्रार नाही, पण मोगऱ्याची परीक्षा द्यायला निघालेल्याने कण्हेरीच्या भाचीचा अभ्यास करून काय उपयोग?

आता थोडं रसायनशास्त्र. हे टाळलंत तर पुढे पैसे जातील. मोगऱ्या-जाईच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतं. थोडं असलं की फूल जिवंत वाटतं. जास्त झालं की डांबरगोळ्या आठवतात, आणि त्याहून जास्त झालं की जे आठवतं ते जेवणाआधी लिहू नये. रात्री उशाशी काढून ठेवलेला गजरा सकाळी हातात घेऊन पाहा. कळ्यांच्या कडा तपकिरी, दोरा ओलसर, आणि वासात काहीतरी पिकल्यासारखं, अंगासारखं, किंचित वाईट. ते इंडोल. ‘निर्मळ’ म्हणणाऱ्या मंडळींनी हेच काढून टाकलेलं असतं, आणि मग बाटलीत उरतो तो धुतलेल्या चादरींचा वास. गुलछडीत मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे थेट आयोडेक्स. सर्ज लुटेन्सच्या १९९९ मधल्या ‘ट्यूबरोज क्रिमिनेल’ची सुरुवातच अशी आहे, की कुणाची तरी कंबर धरली आहे असं वाटावं. म्हणून कुणी ‘सुरुवात औषधी आहे’ असं नाक मुरडून लिहिलं, तर आशा वाढवावी. आणि यादीत गार्डेनिया दिसला तर एवढं ध्यानात ठेवावं, की या फुलातून अर्क काढणं जवळजवळ कुणाला परवडत नाही; बाटलीत असते ती जाणकाराने इतर द्रव्यांतून जुळवलेली नक्कल. नाटकातला शिवाजी. टाळ्या वाजवायला हरकत नाही.

दुसऱ्या आठवड्यात अधीरता वाढते. यावर उपाय म्हणून जुन्या साखर कारखान्याकडे एक चक्कर मारावी. इम्पीरियल शुगर १८४३ पासूनची. शुद्धीकरण २००३ मध्ये थांबलं. आठ मजली विटांचं ‘चार हाउस’, म्हणजे कोळसाघर, १९२५ मधलं, अजून उभं आहे. तिथे कच्च्या साखरेचा पाक हाडांच्या कोळशातून गाळत, म्हणजे साखर पांढरीशुभ्र होई. आता गुलछडीचं मूळ गाव पाहा : मेक्सिको, आमच्या शेजारचंच. तिथल्या नाहुआत्ल भाषेत तिचं जुनं नाव ओमिशोचित्ल, म्हणजे हाडाचं फूल. गाडीत एसी लावून त्या बंद खिडक्यांकडे पाहत बसले होते, तेव्हा मला ‘शुभ्र’ या शब्दाचं फार हसू आलं.

तिसरा आठवडा पार्सलचा. सेंटमध्ये स्पिरिट, स्पिरिट ज्वालाग्राही, म्हणून अमेरिकेच्या टपालात ते विमानाने जात नाही, रस्त्याने येतं. फोनवर ट्रकचा ठिपका पाहत बसू नये असं मी सांगेन, तुम्ही पाहालच. ऑगस्टात ते दारात पडू देऊ नये एवढं मात्र खरंच पाळा. उन्हात डबा तापला की आतलं नाजूक आधी उडून जातं.

मधल्या काळात संध्याकाळी कुंडीपाशी जावं. माझी पहिली कुंडी २०२१ च्या फेब्रुवारीतल्या गोठवणाऱ्या थंडीत गेली. ही दुसरी, हिवाळ्यात गॅरेजमध्ये गाडीशेजारी झोपते. आई सूर्य कलला की कळ्या खुडते. फुललेली फुलं नाही, टपोऱ्या बंद कळ्याच, देठाला नखाने हलका दाब देऊन. ओल्या फडक्यावर स्टीलच्या वाटीत ठेवते. नऊच्या सुमाराला स्वयंपाकघर आवरताना मागून वास येतो आणि वळून पाहिलं तर वाटी भरून वर आलेली असते.

खुडताना मी एकदा कळी नाकाशी नेली. आईने हातावर चापट मारली. चाळिशी उलटलेल्या बाईच्या. “देवाची फुलं हुंगायची नसतात.”

आणि मग मला कळलं, की मी या विद्येत नवशिकी कधी नव्हतेच. सांगलीला सकाळी परडी भरून देवघरापर्यंत नेताना श्वास रोखून धरायचा, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. मोगऱ्याचा वास घ्यायचा नाही. तो आपोआप आला तर आपला दोष नाही. पंधरा पावलांचं अंतर, पण त्यात मी जितका मोगरा हुंगला, तितका नंतर कुठल्याच बाटलीत मिळालेला नाही. येणाऱ्या बाटलीची लढत याच्याशी आहे, हे तिला कोण सांगणार?

काल डबा आला. मी कात्री शोधेपर्यंत आईने तो उचलला होता. आमचं देवघर पँट्रीत आहे, सोना मसुरीच्या पोत्याच्या वर. तिने तो बाळकृष्णापुढे ठेवला, वर हळद-कुंकू वाहिलं आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

“हुंगलं नाहीस ना?”