भिंतीला टेकायची सोय

तळेगावला आमचं घर होतंय. आर्किटेक्ट मुलीने संगणकावर त्याचं चित्र दाखवलं, तेव्हा दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत गायब होती. तिच्या जागी फरशीपासून छतापर्यंत काच, काचेपलीकडे डोंगर आणि अलीकडे पांढऱ्या कोचावर कॉफी पीत बसलेलं एक अनोळखी जोडपं. "आपल्या घरात हे कोण?" आईने विचारलं. "मापाचा अंदाज यावा म्हणून असतात, आजी."

काचेचा मोह कळतो. पुण्याच्या जुन्या वाड्यांत रस्त्याकडच्या खिडक्या बेताच्या. उजेड घ्यायचा तो चौकातून. गोव्याच्या जुन्या घरांत शिंपल्यांचे पातळ दुधी चौकोन लाकडी चौकटीत बसवलेले अजून दिसतात. त्यांतून उजेड तेवढा झिरपतो. बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला बाहेरचं, आणि कोणाची तक्रारही नसते. मोठी सपाट काच तेव्हा घासून, पॉलिश करून काढावी लागे, त्यामुळे ती महाग. पुढे इंग्लंडात पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगवून ती सपाट करायची पद्धत शोधली आणि १९५९ मध्ये जाहीर केली. तिथून भिंतींचे वाईट दिवस सुरू झाले म्हणायला हरकत नाही.

स्लायडिंगच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "टू ट्रॅक की थ्री ट्रॅक?" तिसरा ट्रॅक डासांच्या जाळीचा. म्हणजे सूर्यास्त बघायला लाखभर रुपये घालायचे आणि नेमकी डासांची वेळ तीच म्हणून तो जाळीतून बघायचा. हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं नाही. शिकागोजवळ फॉक्स नदीच्या काठी मीस व्हॅन डर रोह या वास्तुकाराने डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थबाईंसाठी चारही बाजूंनी काचेचं घर बांधलं, ते १९५१ मध्ये पुरं झालं. जगभरचे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आजही त्याचे फोटो अभ्यासतात. बाईंना मात्र उन्हाळ्यात उकाडा आणि डास यांनी सळो की पळो केलं, खर्चावरून दोघांची कोर्टबाजी झाली आणि शेवटी ओसरीला जाळी लागलीच. एवढ्या मोठ्या माणसाला जे चुकलं नाही, ते आमच्या फॅब्रिकेटरला काय चुकणार!

पण हा फॅब्रिकेटर प्रामाणिक निघाला. दहा मिलिमीटरची काच चौरस मीटरला पंचवीस किलो भरते, म्हणाला. चार बाय आठचा एक पल्ला पंचाहत्तरच्या घरात. रोलरवर पैसे वाचवू नका. काच टफन केली की नंतर इंचभरही कापता येत नाही, तेव्हा माप एकदाच आणि नीट. खालच्या ट्रॅकला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजली की पावसाचं पाणी हॉलमध्ये. आणि पश्चिमेचं ऊन तिरपं, छज्जा कितीही काढा, ते त्याच्याखालून वाकून आत येणारच. एवढं सांगून त्याने आमच्यापुढे कोटेशन सरकवलं. आई तोवर शोरूमच्या काचेजवळ जाऊन उभी होती. "इथे दोन ओळींत टिकल्या लावाव्या लागतील," ती म्हणाली, "एक मोठ्यांच्या कपाळाच्या उंचीवर, एक नातवाच्या."

मला वेगळीच चिंता होती. आपलं घर भिंतीला लागून चालतं. कपाट भिंतीला, देव्हारा भिंतीला. कॅलेंडर, घड्याळ, आजोबांचा फोटो खिळ्यावर. चार पाहुणे जास्त झाले की सतरंजी पसरायची आणि प्रत्येकाने गुपचूप सरकत सरकत पाठीमागची भिंत गाठायची. लग्नघर असो की भजन, मधली जागा शेवटी भरते. शेंगा सोलणं, पत्ते, रुसवा, सगळं टेकून होतं. वर्षानुवर्षं टेकून टेकून भिंतीवर डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग पडतो, त्यावरून कोणाची जागा कुठली ते कळतं. काचेला कोण टेकणार? फॅब्रिकेटर म्हणतो, टफन काच आहे, बिनधास्त टेका. पण सरकणाऱ्या वस्तूला पाठ देऊन निवांत बसणं मराठी माणसाला जमेल असं वाटत नाही.

आईने विषय दोन वाक्यांत मिटवला. "काच लावा हवी तेवढी. पण या कोपऱ्यात चार फूट विटांची भिंत पाहिजे."

"आजी, अहो, बरोबर तिथूनच डोंगर सगळ्यात छान दिसतो," आर्किटेक्ट कळवळली.

"दिसू दे की. मी तिकडे पाठ करून बसणार. डोंगर काय, रोज तोच असणार आहे. समोरच्या दारातून कोण येतंय ते नको का बघायला?"