दोन जावा, एक घर

आमच्या ऑफिसात दोन जावा होत्या आणि त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. थोरली जावा 6, म्हणजे 2006 सालची. धाकटी जावा 8, 2014 सालची. पगाराचा जुनाट प्रोग्रॅम थोरलीशिवाय उघडत नसे, हजेरीच्या नव्या प्रोग्रॅमला धाकटीच हवी. धाकटी घरात आली की थोरली रुसे आणि ती रुसली की पगार अडे.

साहेबांनी फर्मान काढलं, "दोघींच्या चुली वेगळ्या मांडून दे." या वेगळ्या चुलीचं नाव ॲप-व्ही. मायक्रोसॉफ्टनं 2006 मध्ये सॉफ्ट्रिसिटी नावाची कंपनी घेतली, तिच्या सॉफ्टग्रिडचा हा पुढचा अवतार. विंडोज 10 एंटरप्राइजमध्ये 1607 आवृत्तीपासून तो घरातच असतो, फक्त चालू करायचा. कल्पना मात्र माझ्या आजीची वाटावी अशी: प्रोग्रॅमला सोवळं नेसवायचं. त्याला वाटतं रजिस्ट्री आपली, सी ड्राइव्ह आपला. खऱ्या विंडोजला तो शिवतही नाही. जुन्या आवृत्त्यांत या सोवळ्याला स्वतंत्र खोली होती, क्यू ड्राइव्ह. 5.0 मध्ये ती पाडली.

सोवळ्याला आधी आंघोळ लागते. सीक्वेन्सर हा प्राणी कोऱ्या मशीनवर बसवायचा, मग त्याच्यादेखत थोरलीसकट प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचा. लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखा तो सगळं टिपतो, वऱ्हाडी काका मठ्ठा सांडताना दिसले तरी टिपतो. म्हणून अँटीव्हायरस आणि विंडोज अपडेट आधी बंद करायचे असतात. मी केले नाहीत. त्यानं टिपून बांधलेल्या पहिल्या पॅकेजात थोरली होती आणि तिच्या पदराआड अर्धंमुर्धं अँटीव्हायरस अपडेट. मशीन पुन्हा कोरं केलं, म्हणजे पुन्हा आंघोळ. अशा चार झाल्या. आजीनंही एवढ्या केल्या नसतील.

मग वाटप. पॉवरशेलमधून पॅकेज आधी 'ॲड' करायचं, मग 'पब्लिश'. मी चाळीस मशीनवर ॲड केलं आणि समाधानानं चहाला गेलो. परतलो तर फोन खणखणत होता: आयकॉनच नाही! सून दारापर्यंत आणली होती, माप ओलांडायचं राहिलं होतं.

खरी गंमत महिनाअखेरीला. पगाराच्या मॅडमनी यादी प्रोग्रॅमच्याच फोल्डरात सेव्ह केली. प्रोग्रॅममधून दिसे, बाहेरून फोल्डर उघडला की गायब.

"काय रे, भानामती केलीस का?"

"मॅडम, एक मिनिट, रिपेअर करतो."

"नको! आमच्या सोसायटीनं गळती दुरुस्त केली, तेव्हापासून दोन ठिकाणी गळतंय."

हात थांबला ते बरं झालं. इथलं रिपेअर म्हणजे प्रोग्रॅम वापरणाऱ्यानं त्या सोवळ्यात जे काही जमवलं असेल ते धुऊन मूळ पॅकेजवर येणं. यादी मॅडमच्याच ॲपडेटा फोल्डरात, सहा कप्पे आत, सुखरूप बसली होती. प्रोग्रॅमनं मूळ फोल्डरला हात न लावता तिथं लिहिलं होतं. म्हणजे सोवळं अगदी काटेकोर पाळलं होतं, नियम मॅडमना सांगायला मीच विसरलो होतो.

मॅडमनी यादी डेस्कटॉपवर घेतली, प्रिंट काढली, लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकताना म्हणाल्या, "आणि हे कपाट खरंच आहे ना रे?"