तिसरा 'का'

बिडकीनचा माणूस पैठणच्या वाटेवर राहतो, त्यामुळे धर्मनिर्णय कुठं मिळतो हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. नाथषष्ठीच्या दिंड्या आमच्या दारावरून जातात. गावाच्या दुसऱ्या अंगाला ऑरिक या औद्योगिक नगरीचे रुंद रस्ते आहेत. त्यांच्यावर काही ठिकाणी अजून ट्रकपेक्षा शेळ्या जास्त दिसतात.

2024 साली टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी बिडकीनच्या कारखान्यासाठी सुमारे 20,000 कोटींचा सामंजस्य करार केला. बातमी वाचून गावानं प्लॉटचे भाव मोजायला घेतले. मला मात्र वेगळाच आनंद झाला. टोयोटाच्या ताइची ओनो यांची एक पद्धत जगभर गाजलेली आहे: बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं. मशीन का थांबलं? फ्यूज उडाला. का उडाला? बेअरिंगला वंगण कमी पडलं. वंगण का कमी पडलं? असं खणत खणत माणूस शेवटी पंपाला गाळणी नव्हती इथवर पोचतो. वाळूजच्या कंपन्यांतल्या आमच्या पोरांना हे नवं नाही. 'व्हाय-व्हाय'चे कागद भरता भरता त्यांची पेनं संपली. ज्या गावानं कधी एकदा 'का' विचारलं नाही, त्याच्या नशिबी एकदम पाच आले, याचं मला कौतुक वाटलं.

म्हटलं, हा कागद कंपनीच्या गेटाबाहेर चालतो का बघू. शेजारच्या काकांनी इलेक्ट्रिक स्कूटर आणली होती. हळदीकुंकू कुठं लावायचं यावर घरात थोडा वाद झाला, कारण इंजिन सापडेना. शेवटी चार्जिंगच्या झाकणावर स्वस्तिक निघालं, नारळ फुटला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू गेलं.

"काका, लिंबू का?"

"नजर लागू नये म्हणून."

"नजर का लागते?"

"लोकांच्या पोटात दुखतं म्हणून. आधीपासून चालत आलंय ते."

"मग दुखणं पोटात आणि उपाय चाकाला का?"

काकांनी स्कूटरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काकूंना हाक मारून सांगितलं, "याला पेढा देऊ नको."

गावातला नियम तेव्हा कळला. पहिल्या 'का'ला उत्तर मिळतं, दुसऱ्याला परंपरा मिळते आणि तिसऱ्याला भावना दुखावतात. चौथ्या-पाचव्यापर्यंत पोचलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत तरी मी पाहिलेला नाही.

म्हणूनच तेराव्या शतकातल्या पैठणच्या पंडितांची मी बाजू घेणार आहे. विवेकवादी मित्रांनी रागावू नये. कथा सगळ्यांना पाठ आहे. संन्याशानं संसार मांडला म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं. त्यांनी ते घेतलं. तरी पोरांची फाइल पुढं सरकेना. आळंदीनं ती पैठणला पाठवली. आईबापाचा जीव जोडल्यावरही कागदपत्रं अपुरीच! पैठणला पंडितांनी ज्ञानेश्वरांकडं पुरावा मागितला: सगळ्यांत एकच आत्मा म्हणतोस, तर या रेड्याच्या तोंडून वेद येऊ दे. नागघाटावर रेडा बोलला आणि शुद्धिपत्र मिळालं, असं परंपरा सांगते.

रेडा बोलला यावर माझा विश्वास नाही. पण खरा अचाट चमत्कार कथेत त्याच्यापुढं आहे: पंडितांनी ऐकलं आणि मत बदललं! आज नागघाटावर रेड्यानं चारही वेद म्हणून दाखवले, तर अर्ध्या तासात व्हिडिओ एडिट केलेला ठरेल, संध्याकाळपर्यंत रेडा कुणाचा माणूस आहे हे निघेल आणि दुसऱ्या दिवशी रेड्याला जाहीर माफी मागावी लागेल.

खटकतं ते दुसरंच. एका मुलानं साधा प्रश्न विचारला होता: माझा काय दोष? तेवढ्यावर काम भागलं नाही, जनावराची साक्ष काढावी लागली. पुढं सोळाव्या शतकात त्याच पैठणात एकनाथांनी श्राद्धाचं अन्न गावकुसाबाहेरच्या भुकेल्यांना वाढलं. ब्रह्मवृंद रुसला. मग कथेनं थेट पितरांनाच पानावर आणून बसवलं. भुकेल्याला जेवू घातलं, एवढं पुरेसं का नव्हतं? पितर कसे उतरले हे आम्ही रंगवून सांगतो, आणि त्या दिवशी जेवून गेलेले कोण होते, पुढच्या वेळी त्यांना पंगतीत घेतलं का, याबद्दल कीर्तनात अवाक्षर निघत नाही.

जुन्या काळावर ढकलून सुटका नाही. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं पडून होतं. नरेंद्र दाभोलकर तारखेमागून तारखा, सहीमागून सह्या, अत्यंत सभ्य भाषेत समजावत होते. कायदा देवाविरुद्ध नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध आहे, हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. मग काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तेव्हा रेडा बोलावा लागला, आता माणूस पडावा लागला. मे 2024 मध्ये न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. सूत्रधार कोण, हा रकाना कोराच राहिला.

आमच्या विवेकवादी बाजूचेही काही कमी नाहीत बरं का. शहरातल्या एका अभ्यासवर्गात मी विचारलं, हे पुस्तक प्रमाण का? वक्ते म्हणाले, ते वैज्ञानिक आहे. वैज्ञानिक का? त्यात तसं लिहिलंय. तिसऱ्याला त्यांनी मला प्रतिगामी ठरवलं. चहा मात्र मिळाला, एवढा फरक.

परवा कंपनीत लागलेला पुतण्या सप्ताहाच्या वर्गणीवरून काकांशी हुज्जत घालत होता. राज्यघटनेनं 1976 च्या दुरुस्तीत चौकस बुद्धी हे नागरिकाचं कर्तव्यच केलंय, असं त्यानं ठणकावलं. काकांनी शांतपणे तंबाखू मळली.

"कर्तव्य आहे ना? मग कंपनीत कर, तिथं पगार मिळतो. इथं पाचशे एक लिही."

त्यानं लिहिले.